लाकडातल्या बुरशीचा माग काढणारा हार्टिग

पावसाळ्यात पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या रानात झाडांच्या खोडांवर फळीसारख्या टणक अळंब्या दिसतात. फणसावरच्या अशाच अळंबीला कोकणात फणसोंबा म्हणतात. घरगुती औषधात ती वापरली जाते. पण झाड कुजले म्हणून अळंबी उगवली, की बुरशी शिरली म्हणून झाड कुजले? या प्रश्नाचा निकाल रॉबर्ट हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञाने लावला.

हार्टिगचा जन्म 1839 मध्ये ब्राउनश्वाइगला झाला. घराणेच जंगलाचे. आजोबा गेओर्ग लुडविग नामवंत वनशास्त्रज्ञ, वडील थिओडोर वनस्पतिशास्त्रज्ञ. कुजक्या लाकडातले बुरशीचे धागे वडिलांनीही पाहिले होते. मात्र झाडाच्याच पेशी बिघडून त्यांची बुरशी बनते, असे त्यांनी 1833 मध्ये मांडले. तेव्हा हे मत वेडगळ नव्हते. पाश्चरचे प्रयोग अजून व्हायचे होते.

मुलाने लाकडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले. आतले धागे आणि बाहेरची अळंबी हा एकच जीव आहे, आणि प्रत्येक बुरशी आपापल्या पद्धतीने लाकूड कुजवते, हे त्याने दाखवले. त्याचे यावरचे ग्रंथ 1874 आणि 1878 मध्ये निघाले. वडील 1880 मध्ये वारले, म्हणजे आपले मत मोडीत निघाल्याचे त्यांच्या हयातीतच घडले. बापलेकांत काय बोलणे झाले असेल, याची कल्पनाच करावी!

सर्वांत घातक रोग स्प्रूसचा. ही बुरशी मुळाला मूळ भिडले की शेजारच्या झाडात जाते. झाड वरून हिरवेगार, बुंधा आतून सडलेला. रोगट झाडांभोवती चर खणावेत, असा हार्टिगचा सल्ला होता. 1878 पासून तो म्युनिकला शिकवत होता. 1901 मध्ये तो गेला.

एक गोष्ट मात्र त्याच्या चित्रात नव्हती. जिवंत लाकडात ही बुरशी एकटी नसते. झाडाच्या जखमेत आधी जिवाणू आणि साध्या बुरशा घुसतात, लाकूड कुजवणारी मागाहून येते, हे अमेरिकेच्या अॅलेक्स शायगोने विसाव्या शतकात दाखवले. इंग्लंडच्या जॉन रिशबेथने तर बुरशीवर बुरशीच सोडली. झाड तोडताच ताज्या थोटावर दुसऱ्या, निरुपद्रवी बुरशीचे बीजाणू लावायचे. ती जागा बळकावते आणि रोगाच्या बुरशीला थारा उरत नाही. उत्तर युरोपात स्प्रूसच्या थोटांवर आजही हेच फवारतात.