महाराणी ताराबाई : गादीमागची सत्ता आणि तिची किंमत

स्प्रिंगफील्ड लेक्स ज्या राज्यात वसले आहे, त्या क्वीन्सलँडला १८५९ साली राणी व्हिक्टोरियावरून नाव मिळाले. व्हिक्टोरिया स्वतःच्या वारसाहक्काने गादीवर बसली होती. इतिहासात राज्य चालविलेल्या बहुतेक स्त्रियांना तो हक्क नव्हता; त्यांना अज्ञान पुत्राच्या नावाने कारभार करावा लागला. पूर्व रोमन साम्राज्याची सम्राज्ञी आयरीन ७८० मध्ये विधवा झाली, तेव्हा तिचा मुलगा अवघा नऊ वर्षांचा होता. त्याच्या आडून तिने राज्य केले, पुढे ७९७ मध्ये त्याचे डोळे काढवून ती स्वतः सिंहासनावर बसली आणि ८०२ मध्ये पदच्युत झाली. गादीमागच्या सत्तेचे हेच कोडे मराठी इतिहासात महाराणी ताराबाईंच्या आयुष्यात उभे राहिले. त्यांनी ते निराळ्या रीतीने सोडविले, पण त्याची किंमत त्यांनाही चुकली नाही.

ताराबाईंचा जन्म १६७५ चा. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे त्यांचे वडील आणि शिवछत्रपतींच्या राणी सोयराबाई या त्यांच्या आत्या. सोयराबाईंचे पुत्र राजाराम यांच्याशी त्यांचा विवाह बालवयातच झाला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराजांनी दूर दक्षिणेत जिंजी गाठली. ताराबाई काही वर्षे महाराष्ट्रातच राहिल्या आणि नंतर जिंजीला गेल्या. तेथे १६९६ मध्ये त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव आजोबांवरून शिवाजी ठेवले.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. त्या वेळी साताऱ्याच्या किल्ल्याला मोगलांचा वेढा होता आणि पुढच्याच महिन्यात तो किल्ला गेला. औरंगजेब स्वतः छावणीत हजर होता. पंचवीस वर्षांच्या ताराबाईंनी चार वर्षांच्या शिवाजीला छत्रपती केले आणि राज्यकारभार हाती घेतला. दरबारात याविषयी एकमत नव्हते. राजारामांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांनाही संभाजी नावाचा मुलगा होता आणि रामचंद्रपंत अमात्यांसारख्या मुत्सद्द्यांचे मत वेगळे होते. परशुरामपंत प्रतिनिधींचा पाठिंबा ताराबाईंना मिळाला.

पुढची सात वर्षे त्यांच्या कर्तृत्वाची होत. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे गड औरंगजेबाने एकामागून एक घेतले. त्यांतले अनेक लढून पडले नाहीत. किल्लेदारांना भारी रक्कम देऊन ते ताब्यात आले. बादशहाची छावणी पुढे सरकली की मराठे यातले गड परत घेत. ताराबाईंनी लढाईचे क्षेत्रच बदलले. सरदारांच्या फौजा मोगली मुलखात, माळवा आणि गुजरातपर्यंत घुसू लागल्या व तेथे चौथाई वसूल करू लागल्या. स्वराज्याच्या घरात बसलेल्या शत्रूला आपल्या घराची चिंता लागली. १७०७ च्या आरंभी औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. मराठ्यांचे राज्य मात्र उभेच होते.

युद्ध संपले आणि अडचण घरातून आली. बादशहाचा पुत्र आजमशहा याने शाहूंची सुटका केली. त्यामागे मराठ्यांत दुही माजावी हा हेतू होता आणि तो सफळ झाला. ताराबाईंचे म्हणणे असे, की संभाजी महाराजांचे राज्य बुडाले, राजारामांनी नव्याने ते उभे केले, म्हणून हक्क त्यांच्या पुत्राचा. थोरल्या घराण्याचा वारस समोर आल्यावर सरदारांना हा युक्तिवाद पटेना. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमाकाठी खेडला लढाई झाली आणि सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. १७०८ च्या जानेवारीत शाहूंचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्याकडे वळून निराळी गादी स्थापली. तीच पुढे कोल्हापूरची गादी झाली.

त्या गादीवरूनही त्यांना उतरावे लागले. १७१४ मध्ये राजसबाईंच्या पक्षाने संभाजीला गादीवर बसविले आणि ताराबाई पुत्रासह कैदेत पडल्या. त्या पुत्राचे १७२६ च्या सुमारास निधन झाले. १७३० मध्ये वारणाकाठच्या लढाईत त्या शाहूंच्या हाती आल्या आणि साताऱ्यास राहू लागल्या. ज्यांच्याशी गादीसाठी लढाई केली, त्यांच्याच आश्रयाला.

शाहूंना पुत्र नव्हता. तेव्हा ताराबाईंनी आपला एक नातू गुप्तपणे वाढत असल्याचे सांगितले. डिसेंबर १७४९ मध्ये शाहूंचे निधन झाल्यावर तो रामराजा नावाने छत्रपती झाला. त्याने पेशव्यांकडे झुकताच पंचाहत्तरीच्या ताराबाईंनी नोव्हेंबर १७५० मध्ये त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. त्यांनी दमाजी गायकवाडांना मदतीस बोलाविले, पण पेशव्यांपुढे त्यांचे चालले नाही. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर ताराबाई आणि नानासाहेब पेशवे यांच्यात शपथपूर्वक समेट झाला. रामराजा आपला नातू नव्हेच, हेही त्यांनी तेथे शपथेवर सांगितले. गादीचा हक्क ज्या नात्यावर उभा होता, तेच नाते त्यांनी स्वतः मोडले. रामराजा छत्रपती राहिला, पण ताराबाई हयात असेपर्यंत कैदेतच. खरी सत्ता साताऱ्याहून पुण्याला गेली ती कायमची.

१७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब गेले आणि डिसेंबरमध्ये ताराबाईंनी साताऱ्यास देह ठेवला. वय श्याऐंशी. संगम माहुलीला कृष्णाकाठी त्यांची समाधी आहे आणि कोल्हापुरात त्यांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. पुतळ्यातली ताराराणी औरंगजेबाशी लढणारी आहे. त्यानंतरची चोपन्न वर्षे त्यात दिसत नाहीत. परंतु स्वतःच्या नावावर गादी नसलेली एक स्त्री आयुष्याच्या अखेरपर्यंत तिच्यासाठी का झगडत राहिली, याचे उत्तर त्याच वर्षांत आहे. पुत्र, सवत, पुतण्या, नातू अशा दुसऱ्याच्या नात्याआडूनच जिला राज्य करता येत होते, तिला प्रत्येक नाते आधी राजकारण म्हणून पाहावे लागले.