पालवणकर बाळू : बळी घेणारा हात आणि बाहेर ठेवलेले मातीचे भांडे

आयपीएलचे दिवस आले की मांजरीत गप्पांना दुसरा विषय उरत नाही. चहाच्या टपरीवर, कंपनीच्या बसमध्ये आणि घरी जेवताना टीव्हीसमोर कोणाला किती कोटी मिळाले, कोणाला संघाबाहेर बसवले, कर्णधार कोण असायला हवा होता, यावर भावाभावांत, बापलेकांत वाद रंगतात. आपल्या वस्त्यांतील पोरांना वीस वर्षांपूर्वीचे धावफलक तोंडपाठ असतात. पण पुण्यातील पहिला मोठा गोलंदाज कोण, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. त्याचे नाव पालवणकर बाळू. तो अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातला होता. मांजरीहून हडपसरमार्गे कॅम्पात गेलो की जे पूना क्लब लागते, तिथे त्याने नोकर म्हणून गोलंदाजी केली. त्याचे आयुष्य आंबेडकरी तरुणांनी नीट जाणून घ्यावे असे आम्हांला वाटते. त्यात अभिमानाचे बरेच काही आहे आणि अडचणीचेही आहे. दोन्ही सांगितले तरच तो इतिहास पुरा होईल.

बाळूंचा जन्म १८७० च्या दशकाच्या मध्यात धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातले. पालवणकर हे आडनाव गावावरून आलेले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्याच्या छावणीत आले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही कोकणातले आणि लष्करातलेच. त्या काळात अस्पृश्यांच्या दोन-तीन पिढ्यांना गावगाड्याबाहेरचा श्वास ज्या थोड्या जागी घेता आला, त्यांपैकी छावणी ही एक. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही याच वाटेने आले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबमध्ये. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि लोळवण्याचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये ४ रुपयांवर लागले. जाळी लावणे, रेषा आखणे, रोलर ओढणे हे तिथले काम. मधल्या वेळेत सदस्यांना सरावासाठी चेंडू टाकायचे. डाव्या हाताने टाकलेला त्यांचा संथ चेंडू दोन्ही बाजूंना वळे आणि हवेत फलंदाजाला चकवे. त्या काळचे नामवंत फलंदाज कॅप्टन ग्रेग रोज इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. आपल्याला बाद केले की ग्रेग आठ आणे देत, अशी आठवण सांगितली जाते.

शेकडो तास बाळूंनी गोऱ्यांना चेंडू टाकले, पण त्या जाळ्यात बॅट कधी त्यांच्या हाती आली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची. खेळातही श्रमाची वाटणी झालेली होती. घाम गाळणे एकाकडे आणि शोभा दुसऱ्याकडे, हे आपल्या लोकांना नवे नव्हते.

याच काळावर बेतलेला एक सिनेमा आपल्या घराघरांत पाहिला जातो. २००१ च्या ‘लगान’ची गोष्ट १८९३ मधली आहे. त्यातल्या अस्पृश्य कचराशी अनेक जण बाळूंचे नाते जोडतात. पण इथे आम्हांला थांबावेसे वाटते. सिनेमातल्या कचराचा चेंडू वळतो तो त्याच्या अधू हातामुळे. म्हणजे त्याचे कसब हा निसर्गाचा अपघात. त्याला संघात घेतो तो नायक, आणि भाषणही नायकच करतो. पुण्यातल्या खऱ्या गोलंदाजाचा हात धडधाकट होता. त्याचा चेंडू वळत होता तो वर्षानुवर्षांच्या सरावामुळे. त्याला कोणी दयेने संघात घेतले नव्हते. त्याच्यावाचून गोऱ्यांना हरवता येणार नाही, हे कळल्यावर घेतले होते.

झाले ते असे. पुण्यातील हिंदूंचा क्लब युरोपियनांना आव्हान देऊ पाहत होता. बाळूंना घ्यावे की नाही, यावर क्लबात मोठा वाद झाला आणि शेवटी जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली. बाळू संघात आले, पण चहाच्या वेळी सवर्ण खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी.

मैदानात मात्र चेंडू एकच होता. बाळूंच्या हातातून सुटलेला चेंडू सवर्ण क्षेत्ररक्षक झेलत होता, पुन्हा त्यांच्याकडे फेकत होता. तो चेंडू चामड्याचा होता. जनावराचे कातडे कमावणाऱ्या हातांना ज्या समाजाने गावाबाहेर ठेवले, त्याच समाजातले सभ्य गृहस्थ त्या कातड्याचा चेंडू पँटवर घासून लकाकी आणत होते आणि विटाळ होत नव्हता. विटाळ व्हायचा तो चहाच्या वेळी. जात किती सोयीने लागू होते आणि किती सोयीने बाजूला ठेवली जाते, हे दाखवायला यापेक्षा सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांना हरवले. साताऱ्यातही गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध विजय मिळाला आणि त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी त्यांचे जाहीर कौतुक केले. पुढे पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेले. तिथे त्यांनी रेल्वेत नोकरी केली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ च्या सामन्यात हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूंनी दोन डावांत मिळून ८ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होते. तोवर जिमखान्यातले खेळाडू या भावांबरोबर जेवायला बसू लागले होते. सुधारणावादी पत्रांनी त्याचे स्वागत केले.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. संघाची कामगिरी बेताचीच झाली. सामने जास्त हरले. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. लीसेस्टरशायर संघाविरुद्धच्या विजयात त्यांचे ११ बळी होते. वयाची पस्तिशी आली होती, खांदा दुखत होता, तरी सर्वाधिक भार त्यांनीच उचलला. प्रथम दर्जाच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी १५ च्या आसपास. गप्पांत आकडे मागणाऱ्या मित्रांना हे जरूर ऐकवावेत.

परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. या सत्काराचे मानपत्र तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे क्रिकेटचे इतिहासकार नोंदवतात. वीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्यासाठी बाळू हे आपल्या समाजातले सर्वांत मोठे नाव होते. चाहता असण्यात काही कमीपणा नाही, हेही यातून घ्यावे.

एवढा मोठा खेळाडू हिंदू संघाचा कर्णधार मात्र कधी झाला नाही. वर्षामागून वर्षे मागणी होत राहिली आणि डावलणे चालू राहिले. कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी तर हा मान बाळूंना मिळायला हवा होता, असे जाहीरपणे मान्य केले होते. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळले गेले. पै उपलब्ध नसताना कर्णधारपद वयाने व अनुभवाने लहान असलेल्या दि. ब. देवधरांकडे गेले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. त्याच वर्षी जानेवारीत बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले होते. एक लढा लेखणीने चालला होता, दुसरा मैदान सोडून. गदारोळ झाला, भावांना परत बोलावावे लागले आणि बाळूंना उपकर्णधार करावे लागले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी पुढे मराठीत आत्मचरित्रही लिहिले. दुसऱ्याने सांगण्याची वाट न पाहता स्वतःची गोष्ट स्वतः लिहिणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यायला हवे.

आता अडचणीचा भाग. १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध उपोषण केले, तेव्हा बाळू तडजोडीच्या बाजूने उभे होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, तिला बाळूंनी जाहीर विरोध केला. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईच्या भायखळा-परळ भागातील राखीव जागेवर थेट बाबासाहेबांविरुद्ध त्यांना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. अंतर अवघे २,०२० मतांचे.

आपल्याकडे हा भाग सांगताना काही जण बाळूंना सरळ गद्दार म्हणून मोकळे होतात. आम्हांला ते पटत नाही. बाळूंचे सारे आयुष्य पाहा. मातीच्या भांड्यापासून एका पंगतीपर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतःच्या कामगिरीने केला होता. सवर्णांचे मन बदलते, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणून मन वळवण्याच्या मार्गावर त्यांचा विश्वास बसला. त्यांचा अनुभव खरा होता, पण त्यातून काढलेला निष्कर्ष अपुरा होता. बाळूंना पंगत मिळाली ती बळी घेतल्यामुळे. जो बळी घेत नाही, ज्याच्या हाती काही विशेष कला नाही, अशा लाखो माणसांनी कोणाचे मन कसे वळवायचे? बाबासाहेब त्यांच्यासाठी लढत होते. माणुसकी ही कामगिरीचे बक्षीस नसून जन्मसिद्ध हक्क आहे, हा दोघांमधला फरक. आणि बळी घेऊनही कर्णधारपद मिळाले नाही, याचा अर्थ बाळूंच्या स्वतःच्या कारकिर्दीनेच बाबासाहेबांची बाजू सिद्ध केली होती.

१९३७ चा निकाल आजही शिकवण देतो. लोकप्रिय चेहरा उभा करून चळवळीची मते फोडायची, चर्मकार विरुद्ध महार अशी रेघ ओढायची, हा डाव तेव्हाही खेळला गेला. त्या वेळच्या मतदारांना खेळाडू म्हणून बाळू प्रिय असतील, पण पुरेशा लोकांनी मत देताना चाहतेपण बाजूला ठेवले. आज क्रिकेटपटू, नट, गायक यांना तिकिटे वाटली जातात, तेव्हा आपल्या तरुणांनी हे २,०२० मतांचे अंतर लक्षात ठेवावे. टाळी खेळाला द्यावी, मत विचाराला द्यावे.

बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा सव्वा वर्ष उरले होते. ते आपल्या मार्गाने आले नाहीत. तरी ज्या भिंतीवर आपल्या पूर्वजांनी डोकी आपटली, त्या भिंतीला पहिली चीर पाडणाऱ्यांत ते होते. चर्मकार, मातंग, वाल्मिकी बांधवांशी संवाद साधताना हा वारसा आपल्याला उपयोगी पडेल. त्यांच्या नायकांना नाकारून एकजूट होत नसते.

तेव्हा एक साधी सूचना. जयंतीच्या निमित्ताने मांजरी-हडपसर परिसरात आणि महाराष्ट्रभर आपल्या मंडळांचे क्रिकेटचे सामने होतात. त्यांतल्या सर्वोत्तम गोलंदाजाच्या पारितोषिकाला पालवणकर बाळूंचे आणि सर्वोत्तम कर्णधाराच्या पारितोषिकाला विठ्ठल यांचे नाव द्यावे. बक्षीस देताना माइकवरून पाच मिनिटे त्यांची पूर्ण गोष्ट सांगावी, पुणे करार आणि १९३७ सह. आणि त्या दिवशी मैदान झाडणाऱ्या, पाणी मारणाऱ्या माणसाला मंचावर बोलावून पहिला चहा त्याला द्यावा, सगळ्यांना जो कप मिळतो त्याच कपात.