दादोबा पांडुरंग तर्खडकर

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे शब्द तुम्हीं पांचवीच्या वर्गापासून इतक्या वेळां घोकले आहेत, कीं ते कोणीं मराठी शाळांत रुजविले असा प्रश्न तुमच्या मनांत क्वचितच आला असेल. इंग्रजीच्या तासाला वाक्याचें व्याकरण चालवितांना तर तुम्हांस तीच मंडळी दुसऱ्या वेषांत भेटतात. या दोन तासांमधील दुवा एका मनुष्यानें जोडला. तो मुंबईच्या शाळेंत इंग्रजी शिकला, त्या भाषेचें व्याकरण त्यानें पाठ केलें, आणि वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं आपल्या मायबोलीचें व्याकरण छापून लोकांच्या हातीं दिलें. त्याचें नांव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

येथें एक खुलासा करावयास हवा. तर्खडकर म्हटलें कीं पालकांपैकीं पुष्कळांना इंग्रजी शिकविणारी भाषांतर पाठमाला आठवते. ती पाठमाला द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची. दादोबा त्यांच्या आधींचे. मराठी घरांत इंग्रजीचा अभ्यास आणि तर्खडकर हें नांव यांची सांगड कायमची बसली आहे खरी. परंतु आजचें चरित्र दादोबांचें आहे.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजीं मुंबईस झाला. घराण्याचें मूळ गांव वसईजवळचें तर्खड, आणि त्यावरूनच हें आडनांव. पेशवाई बुडाली तेव्हां ते चार वर्षांचे होते. त्यांचें बालपण जेथें गेलें ती मुंबई आजच्यासारखी शाळांनीं भरलेली नव्हती. पंतोजींच्या शाळेंत मोडी अक्षर, उजळणी आणि हिशेब एवढें झालें कीं मुलगा शिकला असें समजत. नवीन पद्धतीच्या शाळा काढण्याचें व त्यांच्यासाठीं पुस्तकें तयार करण्याचें काम पुढें बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या संस्थेनें हातीं घेतलें होतें. त्या सोसायटीच्या शाळेंत दादोबा इंग्रजी शिकले.

तें शिकणें कशा परिस्थितींतलें होतें याचा क्षणभर विचार करा. आज तुम्हांस अडलेला शब्द कोशांत किंवा हातांतल्या यंत्रावर निमिषांत सांपडतो. दादोबांच्या लहानपणीं मेजर केनेडी यांचा १८२४ सालचा एक कोश होता; परंतु मोल्सवर्थ साहेबांचा मोठा मराठी-इंग्रजी कोश निघाला १८३१ सालीं, आणि इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द देणारा मोल्सवर्थ व कँडी यांचा मोठा कोश तर १८४७ सालीं, म्हणजे दादोबा तेहतीस वर्षांचे झाले तेव्हां. अशा काळीं मुलानें एखादा इंग्रजी उतारा समजून घ्यावयाचा म्हणजे मागचापुढचा संदर्भ पाहून, वाक्याचा कर्ता कोण, क्रियापद कोणतें, कोणता शब्द कोणाकडे धांवतो हें शोधून अर्थ लावावयाचा. व्याकरण हाच त्याचा अंधारांतला कंदील. आमच्या वर्गांत उतारा पुढें ठेवला कीं मुलें आधीं कठीण शब्दांचे अर्थ विचारतात. क्रियापद कोणतें तें मात्र फारच थोडीं विचारतात.

त्या काळच्या इंग्रजी शिक्षणांत लिंडले मरे यांच्या व्याकरणाचा मान फार मोठा. हे गृहस्थ जन्मले १७४५ सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनियांत. अमेरिकेंतच त्यांनीं वकिली केली व पुढें प्रकृतीच्या कारणानें इंग्लंडांत यॉर्कजवळ येऊन राहिले. मुलींच्या एका शाळेंतील शिक्षिकांना सोपें पुस्तक हवें होतें म्हणून त्यांनीं इंग्रजीचें व्याकरण लिहिलें. तें १७९५ सालीं छापलें, आणि त्याच्या आवृत्तींमागून आवृत्ती निघत गेल्या. दोन वर्षांनीं त्यांनीं अभ्यासाचें जोडपुस्तकही काढलें. त्यांत मुद्दाम अशुद्ध वाक्यें घालून तीं विद्यार्थ्याकडून शुद्ध करून घेण्याची योजना होती. आमच्या परीक्षेंतील वाक्यें दुरुस्त करण्याचा प्रश्न हा त्याच कुळांतला. यॉर्कच्या मुलींसाठीं लिहिलेलें पुस्तक साता समुद्रांपलीकडे एका मराठी तरुणाच्या उपयोगीं पडेल असें त्या मरेसाहेबांच्या स्वप्नींही आलें नसेल.

मराठीची स्थिति मात्र विलक्षण होती. विल्यम कॅरी यांनीं १८०५ सालीं श्रीरामपूरहून मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें होतें. पण तें इंग्रजींत, आणि मराठी शिकूं पाहणाऱ्या साहेबांसाठीं. ज्याची ती भाषा, त्या मुलाला ती समजावून सांगणारें छापील पुस्तक मिळणें दुर्मिळ. शास्त्रीमंडळींना संस्कृत व्याकरणाचा अभिमान. प्राकृत भाषेला, म्हणजे आपल्या घरगुती मराठीला, व्याकरण असूं शकतें हेंच अनेकांना पटत नसे. जी भाषा आईच्या मांडीवर येते ती शिकावयाची कशाला, असाही एक आक्षेप असे. हा आक्षेप आजही ऐकूं येतो; तो घेणाऱ्याचें मराठी पत्र वाचलें म्हणजे त्याचें उत्तर मिळतें.

दादोबांचें महाराष्ट्र भाषेचें व्याकरण १८३६ सालीं छापून निघालें. त्याचा सांगाडा त्यांनीं मरे यांच्या इंग्रजी व्याकरणावरून घेतला आणि परिभाषेसाठीं ते संस्कृताकडे वळले. हें ऐकून कोणी म्हणेल, मग त्यांत दादोबांचें स्वतःचें तें काय? या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं थोडें खोलांत शिरलें पाहिजे, आणि इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या मुलांनीं तर तें लक्षपूर्वक वाचावें.

मरे यांनीं इंग्रजी शब्दांच्या नऊ जाती सांगितल्या. त्यांतली पहिली आर्टिकल, म्हणजे नामापूर्वीं येणारीं तीं दोन लहान उपपदें. मराठींत तीं नाहींत. म्हणून ती जात गळाली व आठ उरल्या. इंग्रजींत प्रेपोझिशन नामाच्या आधीं येतें. मराठींत त्या जागीं ‘वर’, ‘खालीं’, ‘पुढें’ हे शब्द नामाच्या मागून येतात व त्याचें रूपही बदलतात. घोडा असतो, पण बसावयाचें घोड्यावर. म्हणून त्याला शब्दयोगी हें निराळें नांव शोभतें. इंग्रजींत खुर्ची आणि दगड दोन्ही निर्जीव, तेव्हां दोहोंचें लिंग एकच. मराठींत खुर्ची ती, दगड तो आणि टेबल तें. असें कां, याला बुद्धीचें कारण देतां येत नाहीं. कानाचें कारण द्यावें लागतें.

परंतु खरी अडचण येते क्रियापदापाशीं. ‘मुलगा आंबा खातो’ येथें क्रियापद मुलाचें ऐकतें. मुलगी असेल तर तें ‘खाते’ होतें. हें इंग्रजी चौकटींत ठीक बसतें. पण ‘मुलानें आंबा खाल्ला’ आणि ‘मुलानें पोळी खाल्ली’ हीं वाक्यें घ्या. खाणारा तोच, आणि क्रियापद मात्र आंब्यामागें व पोळीमागें धांवतें. ‘मुलानें मांजराला मारलें’ येथें तर तें कोणाचेंच ऐकत नाहीं. मरे यांच्या पुस्तकांत याला जागाच नव्हती, कारण इंग्रजींत ही गोष्टच घडत नाहीं. येथें संस्कृतांतल्या कर्तरि, कर्मणि व भावे या प्रयोगांचा आधार घ्यावा लागतो, आणि तोही मराठीच्या चालीनें. परक्या भाषेचा आरसा समोर धरल्यावर आपल्या भाषेचा चेहरा कोठें निराळा आहे हें दिसूं लागतें. तें टिपून ठेवण्याला डोळस माणूस लागतो.

याची उलट बाजूही आमच्या वर्गांत रोज दिसते. ‘मला ताप आला’ याचें इंग्रजी करतांना मुलगा तापाला कर्ता करून त्याला चालत आपल्याकडे आणतो. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्याचा कर्ता मराठींत आंबा आहे. इंग्रजींत ज्याला आवडतो तो माणूस कर्ता होतो. ज्यानें स्वतःच्या वाक्याचा कर्ता ओळखला नाहीं, त्याला दुसऱ्या भाषेंत तो कोठें बसवावा हें कसें कळावें? पुष्कळ पालक मला सांगतात, गुरुजी, मराठी राहूं द्या, इंग्रजी तेवढें पक्कें करून घ्या. त्यांची कळकळ मी जाणतों. नोकरी, कॉलेज, कोर्टकचेरी सगळीकडे त्या भाषेवांचून अडतें. तरी माझा अनुभव असा, कीं ज्याचें मराठी वाक्य मोडकें, त्याचें इंग्रजी वाक्यही बहुधा लंगडेंच असतें.

दादोबांच्या पुस्तकांत दोष नव्हते असें नाहीं. मराठीला संस्कृताच्या व इंग्रजीच्या मापानें कापलें अशी टीका पुढें झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं आपल्या मराठी व्याकरणावरील निबंधांत दादोबांच्या मतांचा कसून विचार केला. आपल्या ख्रिस्ती समाजांतील गणपतराव नवलकर यांनीं १८६८ सालीं विद्यार्थ्यांसाठीं मराठीचें व्याकरण इंग्रजींत लिहिलें, आणि १९११ सालीं मोरो केशव दामले यांचा मोठा शास्त्रीय ग्रंथ आला. पण हे सर्वजण ज्या ओट्यावर उभे राहून वाद घालीत होते तो ओटा दादोबांनीं बांधलेला होता. मराठीचे पाणिनि असें त्यांस लोक म्हणूं लागले. ही पदवी थोडी मोठी झाली असें मला वाटतें. पाणिनींच्या मागें वैयाकरणांची परंपरा होती, दादोबांच्या मागें जवळजवळ मोकळें रान.

त्यांचें पुढचें आयुष्य बहुतेक शिक्षकाचें व सरकारी नोकरीचें. कांहीं काळ ते माळव्यांतील जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक होते, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें साहाय्यक शिक्षक झाले, आणि तेथून सुरतेच्या इंग्रजी शाळेवर गेले. सुरतेस दुर्गाराम मेहताजी वगैरे मित्रांसह त्यांनीं १८४४ सालीं मानवधर्म सभा स्थापन केली. १८४६ सालीं मुंबईस शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १८५२ सालीं ते अहमदनगरास डेप्युटी कलेक्टर झाले, आणि भिल्लांच्या बंडाच्या वेळच्या कामगिरीबद्दल सरकारनें त्यांस रावबहादुर केलें. या शेवटल्या प्रकरणाकडे आज आपण निराळ्या दृष्टीनें पाहूं. भिल्लांची बाजू त्या वेळच्या कागदांत कोण मांडणार होतें?

१८४९ सालीं मुंबईस परमहंस सभा निघाली, तिच्या मुळाशींही दादोबांचे विचार होते. जातिभेद मोडावा, ईश्वर एक मानावा, हीं तिचीं तत्त्वें. सभासद एकत्र बसून जेवीत. परंतु हें सारें गुप्तपणें चाले. पुढें १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची यादीच चोरीस गेली आणि भयानें सभा विसकटली. जें बंद खोलींत बोलले तें उघड्यावर बोलण्याचें धैर्य त्या पिढींतील थोड्यांनींच दाखविलें. दादोबांचे बंधु डॉक्टर आत्माराम पांडुरंग मात्र १८६७ सालीं उघडपणें प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक झाले.

या घराण्याच्या इंग्रजीची कथा येथेंच संपत नाहीं. दादोबांचे दुसरे बंधु भास्कर पांडुरंग यांनीं १८४१ सालीं बॉम्बे गॅझेट या इंग्रजी पत्रांत ‘एक हिंदु’ अशा अर्थाच्या सहीनें पत्रें लिहून इंग्रजांच्या कारभारानें हा देश कसा नागवला जात आहे तें इंग्रजांनाच त्यांच्या भाषेंत सुनावलें. शाळेंत शिकलेल्या व्याकरणाचा असाही उपयोग होतो हें राज्यकर्त्यांना बहुधा अपेक्षित नसावें. आणि १८७८ सालीं सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा विलायतेस जाण्यापूर्वीं इंग्रजी संभाषणाचा सराव व्हावा म्हणून मुंबईस डॉक्टर आत्माराम यांच्या घरीं येऊन राहिला. त्यास शिकविण्याचें काम डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा हिनें केलें. ती स्वतः विलायत पाहून आलेली होती. तो मुलगा म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर.

आमच्या जालन्याकडे या वाऱ्याची झुळूक उशिरां आली. मुंबईच्या मिशन शाळेंत इंग्रजी शिकलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री हे दादोबांच्याच काळांतले. त्यांनीं जालन्याजवळ बेथेल वसविलें. परंतु हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व वरच्या वर्गांत शिक्षणाची भाषा उर्दू असे. तुमच्यांतील कित्येकांच्या पणजोबांनीं घरीं मराठी, शाळेंत उर्दू आणि त्यावर इंग्रजी अशीं तीन व्याकरणें सांभाळलीं. तेव्हां दोन व्याकरणांचें ओझें झालें अशी तक्रार करतांना त्यांची आठवण ठेवावी.

दादोबांनीं आपल्या व्याकरणाला कधीं सोडलें नाहीं. दुसरी आवृत्ति १८५० सालीं निघाली. पुढेंही आवृत्त्या निघत राहिल्या. १८६५ सालीं लहान मुलांसाठीं त्यांनीं लघु व्याकरण केलें, आणि त्याच सालीं मोरोपंतांच्या केकावलीवर यशोदा पांडुरंगी नांवाची टीकाही प्रसिद्ध केली. म्हातारपणीं स्वीडनबोर्ग नामक स्वीडिश तत्त्वज्ञाच्या ग्रंथांवर त्यांनीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें. सोसायटीच्या शाळेंत चाचपडत इंग्रजी वाचणारा मुलगा चौसष्टाव्या वर्षीं त्या भाषेंत धर्मविचार मांडूं लागला होता. परंतु पुन्हां ते आपल्या पहिल्या कामाकडे वळले. व्याकरणांत राहिलेल्या उणिवा भरून काढण्यासाठीं त्यांनीं मोठ्या व्याकरणाची पूरणिका लिहिली. ती १८८१ सालीं बाहेर आली. पहिल्या आवृत्तीस तेव्हां पंचेचाळीस वर्षें झालीं होतीं.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजीं ते वारले. आपलें आत्मचरित्र त्यांनीं लिहावयास घेतलें होतें, पण तें अपुरें राहिलें. १९४७ सालीं अ. का. प्रियोळकर यांनीं तें संपादून, राहिलेला भाग चरित्ररूपानें स्वतः पुरा करून प्रसिद्ध केलें.