ट्रॅक्टरला लोखंडी चाकांवरून रबरी टायरवर आणणारे हार्वे फायरस्टोन
आज ट्रॅक्टर म्हटलं की जाडजूड रबरी टायर डोळ्यांसमोर येतात. पण १९३० च्या आसपास अमेरिकेतल्या ट्रॅक्टरला दातेरी लोखंडी चाकं असायची. चालवणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची आणि डांबरी रस्त्यावर आणला तर रस्ताच उखडायचा.

हे चित्र पालटण्यात मोठा वाटा होता हार्वे फायरस्टोन यांचा.

त्यांचा जन्म १८६८ चा, ओहायो राज्यातल्या कोलंबियाना इथल्या शेतकरी घरातला. तरुणपणी ते घोडागाड्या विकायचे. रबरी धाव लावली की गाडीला हादरे कमी बसतात, हे त्यांनी तिथेच हेरलं. १९०० साली त्यांनी अ‍ॅक्रन शहरात स्वतःची टायर कंपनी काढली. पुढे हेन्री फोर्ड यांच्या मोटारींना टायर पुरवून ती प्रचंड वाढली.

पण शेती त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. वडिलोपार्जित शेतावरच त्यांनी ट्रॅक्टरच्या हवेच्या टायरची चाचणी घेतली आणि १९३२ मध्ये असे टायर लावलेले ॲलिस-चामर्स कंपनीचे ट्रॅक्टर बाजारात आले. मऊ मातीत रबर टिकेल का, अशी शेतकऱ्यांना शंका होती. मग जत्रांमधून ट्रॅक्टरच्या शर्यती झाल्या. १९३३ मध्ये बार्नी ओल्डफिल्ड या रेसरने ट्रॅक्टर चक्क ताशी १०० किलोमीटरच्या वर पळवला!

या टायरची खरी गंमत कमी हवेत आहे. हवा कमी असली की टायर पसरतो, मातीला घट्ट धरतो आणि जमीन कमी दाबली जाते. पण म्हणूनच थंडीत तो जपावा लागतो. गार झाली की हवेचा दाब उतरतो. २० अंश तापमानाला १२ पौंड हवा भरली आणि पारा उणे १० वर गेला, तर टायरमध्ये जेमतेम ९ पौंड उरते. म्हणजे पंक्चर नसतानाही पाव हवा गायब! अशा टायरवर ओझं ओढलं तर त्याच्या बाजू दुमडून चिरतात, कधी टायर रिमवर फिरतो.

त्यामुळे थंडीत हवा वरचेवर तपासायची, तीही सकाळी, ट्रॅक्टर चालू करण्याआधी. काम सुरू झालं की टायर तापतो आणि आकडा फसवा येतो.

फायरस्टोन १९३८ मध्ये गेले. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरी टायरवर आले होते.