तेहतिसाव्या वर्षी पुन्हा शाळेत



दहावी-बारावीपर्यंत घरचे मागे लागून अभ्यास करून घेतात. कॉलेजात मात्र तसे कुणी मागे लागत नाही. पहिल्या सहामाहीचा उत्साह दुसऱ्या सहामाहीत ओसरतो. एखाद्या विषयात एटीकेटी लागते आणि हे सारे कशासाठी, असा प्रश्न पडू लागतो. अशा वेळी संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या विद्यार्थी जीवनाकडे पाहावे. येशूसंघाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो, परंतु आयुष्याची अकरा वर्षे ते एक धडपडणारे विद्यार्थी होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

इग्नेशियस ह्यांचा जन्म १४९१ साली स्पेनमधील बास्क प्रांतातल्या एका सरदार घराण्यात झाला. तरुणपणी त्यांना तलवारीचे वेड होते, पुस्तकांचे नव्हे. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे वाचली आणि त्यांचे मन पालटले. १५२३ साली ते यरुशलेमला जाऊन आले. तेथेच राहून लोकांची सेवा करण्याची त्यांची इच्छा होती, पण तशी परवानगी मिळाली नाही. लोकांच्या आत्म्याला उपयोगी पडायचे तर शिकले पाहिजे, असे त्यांनी तेव्हा ठरवले.

१५२४ साली बार्सिलोना शहरात ते लॅटिन व्याकरण शिकायला बसले. वय सुमारे ३३ आणि सोबतीला लहान मुले! शब्दांची रूपे पाठ करायला घेतली, की त्यांच्या मनात देवाविषयी सुंदर विचार येऊ लागत आणि पाठांतर बाजूला राही. विचार तर पवित्र होते, मग ते वाईट कसे म्हणावे? पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. प्रार्थनेत किंवा मिस्साच्या वेळी हे विचार इतक्या जोराने येत नसत, नेमके अभ्यासालाच येत. म्हणजे हा मोह होता. ते आपल्या शिक्षकांना जवळच्या सांता मारिया देल मार चर्चमध्ये घेऊन गेले आणि सारे मोकळेपणाने सांगितले. पोटाला भाकर-पाणी मिळत आहे तोवर दोन वर्षे तुमचा एकही तास चुकवणार नाही, असे वचन त्यांनी दिले. त्यानंतर तो त्रास थांबला.

पुढे १५२६ साली ते आल्काला विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी घाई केली. तर्कशास्त्र, भौतिकी आणि ईशज्ञान हे तिन्ही विषय एकदम हाती घेतले. पाया कच्चाच राहिला. त्यातच लोकांना धार्मिक शिकवण देतात म्हणून त्यांची चौकशी झाली. आल्कालात ४२ दिवस आणि नंतर सालामांका येथे २२ दिवस ते बंदिवासात होते. त्यांच्या शिकवणुकीत चूक सापडली नाही, पण पुरेसा अभ्यास झाल्याखेरीज काही विषयांवर बोलू नये, असे त्यांना सांगण्यात आले.

दुसरा कुणी असता तर त्याने शिक्षण सोडले असते. इग्नेशियस बार्सिलोनाहून पायी निघाले आणि २ फेब्रुवारी १५२८ रोजी पॅरिसला पोहोचले. पहिले काम कोणते केले? माँतेग्यू कॉलेजात लहान मुलांबरोबर बसून लॅटिन पुन्हा पहिल्यापासून शिकले. आपला पाया कच्चा आहे, हे मान्य करायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

तेथेही संकटांनी पाठ सोडली नाही. सांभाळायला दिलेले २५ सुवर्णमुद्रांएवढे पैसे एका ओळखीच्या विद्यार्थ्याने खर्चून टाकले. इग्नेशियस ह्यांना यात्रेकरूंच्या धर्मशाळेत राहावे लागले. ती दूर होती, तिचे दार पहाटे उशिरा उघडे, त्यामुळे तास बुडत. भिक्षा मागण्यात दिवस जाई. कुणा प्राध्यापकाच्या घरी चाकरी करून शिकावे म्हटले, तर तीही मिळाली नाही. शेवटी एका मठवासी संन्याशाने सल्ला दिला: वर्षातून एकदा फ्लँडर्सला जाऊन तेथील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून वर्षभराची मदत आणावी. त्यांनी तसे केले आणि १५३१ साली तर ते लंडनपर्यंत गेले. थोडे आठवडे मदतीसाठी आणि उरलेले वर्ष अभ्यासासाठी, अशी घडी बसली. पैसे उडवणारा तो विद्यार्थी रूआँ शहरी आजारी पडल्याचे कळले, तेव्हा इग्नेशियस अनवाणी चालत त्याच्या मदतीला गेले!

१५२९ साली ते सेंट बार्ब कॉलेजात राहायला आले. खोलीतले सोबती पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते. अॅरिस्टॉटल समजेना, तेव्हा फेबरने त्यांना तो शिकवला. मात्र दोघे देवाविषयी बोलू लागले की पुस्तक मिटलेलेच राही. म्हणून अभ्यासाच्या वेळी आध्यात्मिक गप्पा नाहीत, असा नियम त्यांनी केला. बार्सिलोनासारखाच त्रास येथेही झाला, तेव्हा इग्नेशियस ह्यांनी पुन्हा आपल्या शिक्षकांकडे जाऊन तसेच वचन दिले.

१५३५ साली त्यांना पॅरिस विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळाली. तोवर त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्या खोलीतूनच येशूसंघाचे बीज रुजले. १५४० साली पोपमहोदयांनी संघाला मान्यता दिली आणि १५४२ साली तोच झेवियर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. संघाची नियमावली लिहिताना इग्नेशियस विद्यार्थ्यांना विसरले नाहीत. शिकणाऱ्यांनी लांबलचक प्रार्थना आणि कडक तपश्चर्या आवरती घ्यावी, कारण देवासाठी मन लावून केलेला अभ्यास हीसुद्धा देवाची सेवाच आहे, असे त्यांनी ठरवून दिले.

युवक-युवतींनो, इग्नेशियस ह्यांना अभ्यास कधी सोपा गेला नाही, रोज उत्साहही वाटला नसेल. पण आपण कुणासाठी शिकतो आहोत, हे त्यांनी एकदा ठरवले आणि मग अडचणी एकेक करून सोडवल्या. मन भरकटले तर शिक्षकांना सांगितले, पाया कच्चा निघाला तर मागे जाऊन तो पक्का केला, समजले नाही तेव्हा लहानाकडूनही शिकले. आपल्या मनाला अभ्यासापासून ओढणारी गोष्ट वाईटच असेल असे नाही. मित्रांची अडचण, मंडळाचा कार्यक्रम, चर्चमधली सेवासुद्धा असू शकते. तिची वेळ कोणती, एवढे मात्र पाहावे.

पालकहो, एखादा विषय राहिला म्हणून मुलाला नावे ठेवू नका. तेहतिसाव्या वर्षी मुलांच्या बाकावर बसलेल्या ह्या संताची गोष्ट त्याला सांगा. ३१ जुलै हा त्यांचा सण. त्या दिवशी आपल्या घरातल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांची मध्यस्थी मागू या.