पुत्राच्या कबरीचा शोध : रुडयार्ड किपलिंग यांची जीवनकथा

नोव्हेंबर महिना आला की आपल्या धर्मग्रामातील दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी उजळून निघते. २ नोव्हेंबरला आपण आपल्या माणसाच्या कबरीपाशी उभे राहतो, क्रूसावरची धूळ पुसतो, कोरलेल्या नावावरून हात फिरवतो आणि प्रार्थना करतो. उभे राहण्यासाठी एक जागा असणे हेदेखील मोठे सांत्वन आहे, याची जाणीव आपल्याला क्वचितच होते. ज्यांचा मुलगा परमुलखात रणांगणावर पडला आणि ज्याचे शवही हाती लागले नाही, अशा मातापित्यांनी कोठे जावे? हा प्रश्न ज्यांच्या स्वतःच्या घरात शिरला आणि ज्यांनी पुढची जवळजवळ वीस वर्षे इतरांसाठी त्याचे उत्तर शोधण्यात घालवली, त्या रुडयार्ड किपलिंग यांच्या जीवनाची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी आपल्या मुंबईत झाला. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग सर जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. आईकडचे आणि वडिलांकडचे असे दोन्ही आजोबा मेथडिस्ट पंथाचे पाळक होते. रुडयार्डला सांभाळणारी आया मात्र कॅथलिक होती. उतारवयात लिहिलेल्या आठवणींत त्यांनी तिला पोर्तुगीज कॅथलिक म्हटले आहे. त्या काळच्या मुंबईत गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांचा उल्लेख सर्रास असाच होत असे. फिरायला निघाली की ती वाटेवरच्या क्रूसापाशी थांबून प्रार्थना करी आणि लहानगा रुडयार्ड तिच्या शेजारी उभा राही. आपल्या गावोगावच्या वाटांवर असे क्रूस आजही उभे आहेत. क्रूसापुढे थांबण्याचा पहिला धडा या जगप्रसिद्ध लेखकाला आपल्यासारख्याच एका साध्या भाविक स्त्रीकडून मिळाला, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

१८७१ साली त्यांना धाकट्या बहिणीसह इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी शिक्षणासाठी ठेवण्यात आले. तेथील वर्षे फार दुःखाची गेली. १८८२ मध्ये ते भारतात परतले आणि लाहोर व पुढे अलाहाबाद येथील वृत्तपत्रांत काम करू लागले. त्यांच्या कथा-कवितांची कीर्ती लवकरच सर्वदूर पसरली. १८९४ मध्ये द जंगल बुक प्रसिद्ध झाले, १९०१ मध्ये किम आले आणि १९०७ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजी भाषेतील लेखकाला मिळालेले ते पहिलेच साहित्याचे नोबेल होय.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. किपलिंग हे ब्रिटिश साम्राज्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. भारतीय माणसावर त्यांची माया होती, परंतु त्याचा स्वराज्याचा हक्क त्यांना मान्य नव्हता. १९१९ च्या जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर जनरल डायरसाठी इंग्लंडमध्ये जो निधी उभारला गेला, त्याला त्यांनीही वर्गणी दिली. त्यांच्या जीवनाकडे पाहताना ही काळी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

किपलिंग दांपत्याला तीन अपत्ये झाली. थोरली मुलगी जोसेफिन १८९९ साली वयाच्या सातव्या वर्षी न्यूमोनियाने वारली. धाकटा जॉन हा एकुलता एक मुलगा. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा त्याला सतरा वर्षे पूर्ण होण्यास काही दिवसच बाकी होते. त्याची दृष्टी इतकी अधू होती की वैद्यकीय तपासणीत त्याला नाकारण्यात आले. युद्धाचा हिरिरीने प्रचार करणाऱ्या पित्याने तेव्हा आपले वजन खर्च केले. वृद्ध सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स यांना गळ घालून त्यांनी मुलाला आयरिश गार्ड्स या पलटणीत अधिकारीपद मिळवून दिले. एवढ्या कोवळ्या वयात त्याला आघाडीवर जाण्याची संमतीही पित्यानेच दिली.

१९१५ च्या ऑगस्टमध्ये जॉन फ्रान्सला पोहोचला. २७ सप्टेंबर रोजी लोस येथील लढाईत तो दिसेनासा झाला. अठरावा वाढदिवस होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. तो जखमी व बेपत्ता असल्याची वार्ता घरी आली आणि आईवडिलांचा शोध सुरू झाला. रुग्णालयांत पडलेल्या जखमी जवानांना भेटून, पलटणीतील वाचलेल्यांना विचारून ते पुत्राचा माग काढीत राहिले. कुणी काही सांगे, कुणी काही. परंतु शव सापडले नाही. आपण रदबदली केली नसती तर मुलगा जिवंत राहिला असता, हा विचार त्या पित्याला किती जाळत असेल, याची कल्पना कोणताही बाप करू शकेल.

१९१७ साली इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या कबरींची व्यवस्था पाहणारा आयोग, स्थापन झाला. फेबियन वेअर हे त्याचे संस्थापक. त्यांनी किपलिंग यांना सदस्य म्हणून बोलावले आणि स्मारकांवरील मजकुराचे काम त्यांच्याकडे सोपवले. मोठ्या दफनभूमींतील स्मरणशिलेवर कोरण्यासाठी त्यांनी जे वचन निवडले, ते बेनसिरा म्हणजेच सिराख याच्या ग्रंथातील ४४व्या अध्यायातले आहे. मृतांचे नाव सदैव जिवंत राहते, असा त्याचा आशय. हा ग्रंथ प्रोटेस्टंट बंधूंच्या प्रमाण धर्मग्रंथांत मोडत नाही, आपल्या कॅथलिक बायबलमध्ये मात्र तो आहे. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या कबरींसाठीही मजकूर किपलिंग यांनीच सुचवला. येथे निजलेल्याला परमेश्वर ओळखतो, एवढेच त्यातून सांगितले आहे. स्वतःच्या मुलाबद्दलही याहून अधिक काही म्हणणे त्यांना शक्य नव्हते.

आयोगाने दोन कठोर नियम केले. कोणाचेही शव मायदेशी न्यायचे नाही आणि सेनापती असो वा साधा शिपाई, सर्वांच्या कबरीवर एकाच मापाची शिळा उभारायची. तिच्यावर नाव, पलटणीचे चिन्ह, धर्माचे चिन्ह आणि कुटुंबाची इच्छा असल्यास ६६ अक्षरांपर्यंतचा मजकूर, एवढेच असावे. श्रीमंताचा पुत्र घरी आणि गरिबाचा परदेशात, असा भेद होऊ नये हा त्यामागील हेतू. अनेक मातांना हे सहन झाले नाही. निदान कबरीवर क्रूस तरी उभारू द्यावा, अशी त्यांची मागणी होती. १९२० च्या मे महिन्यात ब्रिटिश संसदेत यावर वाद झाला, तेव्हा किपलिंग यांचे एक पत्र सभागृहात वाचून दाखवण्यात आले. ज्यांना जाण्यासाठी एक कबर आहे ते किती भाग्यवान, हे त्यांना ठाऊक नाही, अशी त्यांची व्यथा त्यातून प्रकट झाली. आयोगाचे नियम कायम राहिले.

पुढे वर्षानुवर्षे किपलिंग पतिपत्नी मोटारीने फ्रान्समधील दफनभूमी पाहत हिंडले. १९२२ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांनी बेल्जियम व फ्रान्समधील कबरींची यात्रा केली, तेव्हा किपलिंग सोबत होते आणि राजांचे भाषणही त्यांनीच लिहिले होते. आयरिश गार्ड्समधील बहुसंख्य जवान कॅथलिक होते. त्या पलटणीचा दोन खंडांतील इतिहास त्यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आपल्या मुलाचा उल्लेख त्यांनी इतर मृत अधिकाऱ्यांच्या बरोबरीने, अगदी ओझरता केला आहे.

१९२५ च्या मार्चमध्ये त्यांनी रुआँ येथील दफनभूमीला भेट दिली. तेथे ११ हजारांहून अधिक कबरी आहेत. तेथील माळ्याशी त्यांचे बोलणे झाले आणि लगेच त्यांनी द गार्डनर ही कथा लिहावयास घेतली. लोकांपुढे पुतण्या म्हणून वाढवलेल्या तरुणाची कबर शोधीत एक स्त्री परदेशी जाते. तेथे माळी वाटावा असा एक माणूस तिच्या मनातील गुपित जाणून, तिचा पुत्र कोठे निजला आहे ते करुणेने दाखवतो. रिकाम्या कबरीपाशी प्रभूला माळी समजणारी मारिया माग्दालेना आपल्याला संत योहानाच्या शुभवर्तमानातून परिचित आहे. किपलिंग यांची श्रद्धा चर्चच्या चौकटीत बसणारी नव्हती, तरीही शोकाच्या क्षणी त्यांची लेखणी त्याच बागेत जाऊन पोहोचली.

७ ऑक्टोबर १९२७ रोजी फ्रान्समधील नव्ह शापेल येथे भारतीय जवानांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या समारंभालाही किपलिंग उपस्थित होते. कबर नसलेल्या ४,७०० हून अधिक भारतीय जवानांची व मजुरांची नावे तेथे कोरलेली आहेत. परंतु सर्वत्र असे घडले नाही. आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मान्य केले की, भारतीय व आफ्रिकी मिळून सुमारे ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही. किमान १ लाख १६ हजार जणांची तर नावानिशी नोंदच नाही, वा मुळीच स्मारक नाही. आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. समतेचे जे तत्त्व किपलिंग यांनी इतक्या तळमळीने मांडले, ते साम्राज्याच्या सीमेपाशी लंगडे पडले होते.

१९३० साली लोस येथील स्मारक पूर्ण झाले. कबर नसलेल्या २० हजारांहून अधिक जणांच्या नावांत जॉन किपलिंग हेही नाव होते. त्या सोहळ्याला वृद्ध पिता हजर होता. १८ जानेवारी १९३६ रोजी किपलिंग यांचे निधन झाले. पुत्राची कबर त्यांना अखेरपर्यंत दिसली नाही. पुढे १९९२ मध्ये आयोगाने लोसजवळच्या एका दफनभूमीतील अनोळखी आयरिश गार्ड्स अधिकाऱ्याची कबर जॉनची असल्याचे जाहीर केले. काही अभ्यासकांनी शंका घेतली, तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आयोगाच्या निर्णयाला दुजोरा दिला. किपलिंग यांनी इतरांसाठी सुचवलेल्या शब्दांखालीच त्यांचा स्वतःचा पुत्र इतकी वर्षे निजला होता.

मृतांना मूठमाती देणे हे आपल्या ख्रिस्तसभेने दयेचे कार्य मानले आहे. स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीचे ओझे वाहत या पित्याने हे कार्य लाखो अनोळखी पुत्रांसाठी केले. पुण्याजवळ खडकी येथेही या आयोगाची दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक जण तेथे विसावले आहेत आणि त्यांची घरे बहुधा सातासमुद्रांपलीकडे आहेत. वाचकहो, त्या बाजूला जाणे झाले तर एखाद्या कबरीपाशी क्षणभर थांबा, शिळेवरचे नाव वाचा आणि त्या आत्म्याच्या चिरशांतीसाठी एक प्रार्थना म्हणा. त्याच्या आईला कदाचित तेथवर येणे कधीच जमले नसेल. तिच्या वतीने तेवढे आपण करू शकतो.