परक्या मातीत रुजलेले बीज : प्रा. शं. पु. आघारकर

पुण्यात विधी महाविद्यालयाच्या परिसरात थोर सुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव दिलेला एक रस्ता आहे. त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था उभी आहे. नावांतील फरक एवढा थोडा, की नवख्या माणसाचा घोटाळा हमखास होतो आणि संस्था त्या सुधारकाच्याच स्मरणार्थ काढली असावी असे तो समजून चालतो. वस्तुतः हे आघारकर निराळे. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या कर्तृत्वाचा ऐन काळ महाराष्ट्रात नव्हे, तर बंगालमध्ये गेला. स्वतःच्या प्रांतापासून दूर राहून संसार थाटणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना हा माणूस जवळचा वाटावा, यात नवल नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे, ते एवढ्याचसाठी.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. शालेय शिक्षण धारवाडास झाले आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली. त्याच महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी पदवी मिळाली, नोकरी लागली, की पुस्तक मिटवून ठेवण्याची रीत काही अपवादात्मक नव्हती. आघारकरांनी मात्र सह्याद्रीची वाट धरली. घाटमाथ्यावरील वनस्पती आणि ओढ्यानाल्यांतील जीवसृष्टी धुंडाळीत ते हिंडले.

या भटकंतीतूनच त्यांच्या नावावर पहिला मोठा शोध जमा झाला आणि गंमत अशी, की तो वनस्पतीचा नव्हताच. मालवणच्या किनाऱ्यावर समुद्रातले जेलीफिश कोणासही पाहावयास मिळतात. परंतु गोड्या पाण्यात राहणारे जेलीफिश ही सृष्टीतील दुर्मिळ गोष्ट आहे. त्यांपैकी लिम्नोक्निडा नावाचा एक वंश आफ्रिकेतील टांगानिका सरोवरामुळे प्रसिद्धीस आला होता आणि तो आफ्रिकेचाच, अशी समजूत होती. त्याच वंशाचा जीव आघारकरांना सातारा जिल्ह्यात, वेण्णा आणि कोयना यांच्या पात्रात सापडला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील विख्यात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अनंडेल यांनी १९११ च्या सुमारास त्याचे वर्णन प्रसिद्ध केले व त्याला लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. मुंबईतील एका तरुण शिक्षकाचे नाव त्यायोगे कलकत्त्याच्या शास्त्रीय वर्तुळात पोहोचले.

या शोधाने एक प्रश्नही उभा केला. टांगानिका कोठे आणि कोयना कोठे! समुद्रात जगू न शकणारा इतका नाजूक जीव महासागराच्या दोन्ही तीरांवर आढळावा तो कसा? मूळ एका ठिकाणी, वस्ती दुसऱ्या ठिकाणी, आणि मधला प्रवास अदृश्य. या जातीचा प्रश्न पुढे त्यांच्या वनस्पतिशास्त्रातील प्रबंधातही भेटतो.

आता कलकत्त्याकडे वळावयास हवे. सर आशुतोष मुखर्जी हे त्या वेळी कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा घेणारी कचेरी नव्हे, तेथे पदव्युत्तर अध्ययन आणि संशोधन झाले पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या हाकेला ओ देणारे दोघेही नामांकित वकील होते. सर तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये आणि सर रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये विद्यापीठाला मोठ्या देणग्या दिल्या. घोष यांची देणगी १० लाख रुपयांची होती. तिच्यातून उपयोजित गणित, भौतिकी, रसायन आणि वनस्पतिशास्त्र या चार विषयांची अध्यासने निर्माण झाली. वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनाने शेतीकडे विशेष लक्ष द्यावे, अशी योजना होती. या अध्यासनांवर भारतीयच प्राध्यापक नेमले जावेत, अशी दात्यांची अट होती. १९१४ च्या मार्च महिन्यात विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसविण्यात आली.

वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनासाठी आघारकरांची निवड झाली. बंगाली दात्याने दिलेला पैसा, बंगाली कुलगुरूने उभारलेले महाविद्यालय आणि प्राध्यापक मात्र मालवणचा. प्रांताभिमानाच्या चर्चा आज आम्ही ऐकतो तेव्हा ही निवड आवर्जून आठवावीशी वाटते.

या नेमणुकीचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. सामान्यतः पदवी आधी आणि पद मागाहून मिळते. येथे पद आधी मिळाले आणि उच्च अध्ययनासाठी परदेशी जाण्याची व्यवस्था त्याच देणगीतून करण्यात आली. आज सरकारी सेवेत अभ्यासरजा घेणाऱ्याकडून बंधपत्र लिहून घेतात. परत येऊन अमुक इतकी वर्षे सेवा करीन, न केल्यास खर्च भरून देईन, असा त्याचा आशय असतो. कलकत्ता विद्यापीठाने त्याहून मोठा विश्वास टाकला होता. अध्यासन त्यांच्या नावाने राखून ठेवले आणि जा, शिकून ये, असे जणू सांगितले. दुसऱ्याच्या पैशाने शिकणे म्हणजे काय, हे त्या तरुण प्राध्यापकाला पुरते उमगले होते, याची साक्ष त्यांच्या पुढील आयुष्याने दिली.

आघारकर १९१४ मध्ये जर्मनीस गेले. वनस्पतिशास्त्रात, विशेषतः वनस्पतींचे वर्गीकरण आणि त्यांचा भौगोलिक प्रसार या शाखांत, बर्लिनचा दबदबा मोठा होता. तेथील डालेम उद्यानाचे प्रमुख अडोल्फ एंग्लर यांची वर्गीकरणपद्धती जगभर मानली जात होती. अशा गुरूपाशी बसण्याचा योग आला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून जर्मनीच्या लेखी आघारकर शत्रुपक्षाचे ठरले. युद्धाची पहिली काही वर्षे त्यांना स्थानबद्धतेत काढावी लागली. ज्या राज्याचे आपण स्वखुशीने नागरिक नव्हतो, त्याच राज्याचे म्हणून बंदीवास भोगावा लागावा, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

घोष देणगीतूनच बर्लिनला गेलेले भौतिकीचे देबेंद्रमोहन बोस हेही याच युद्धामुळे जर्मनीत अडकून पडले होते. कलकत्त्याने पाठविलेले दोन प्राध्यापक असे एकाच वेळी परदेशी अडकले. विद्यापीठाने दोघांचीही वाट पाहिली आणि दोघांनीही अध्ययन सोडले नाही. आघारकरांनी १९१९ मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. तेव्हा त्यांचे वय चौतिशीत होते आणि दोन-तीन वर्षांत आटोपावयाच्या कामास पाच वर्षे लागली होती. पराभूत जर्मनीच्या राजधानीत, अन्नाची टंचाई आणि रस्त्यावरचे दंगेधोपे चालू असताना ही पदवी हाती आली, हे विसरता कामा नये.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातील रुक्ष आणि खारट प्रदेशांत वाढणाऱ्या वनस्पती, त्यांच्या प्रसाराची साधने आणि त्यांचे मूळस्थान. १९२० मध्ये तो एंग्लर यांच्याच नियतकालिकात जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. विषय वरवर रुक्ष वाटतो. पण राजस्थानात वा पंजाबच्या कोरड्या भागात राहिलेल्या वाचकांना त्यातील गोडी सहज कळेल. रुईचे बोंड फुटले, की रेशमी शेंडीचे बी वाऱ्यावर तरंगत कोसन् कोस जाते. गोखरूचे काटेरी फळ जनावराच्या खुरात आणि वाटसरूच्या वहाणेत रुतून गावोगाव फिरते. पिलूची रसाळ फळे पक्षी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि न पचलेले बी त्यांच्या लेंड्यांतून नव्या रानात पडते. झाडाला पाय नाहीत, तरी त्याचे बी प्रवास करते. म्हणून आज एखाद्या ठिकाणी दिसणारी वनस्पती तेथलीच, असे धरून चालता येत नाही. ती कोठून आली, कशाच्या आधाराने आली आणि येथे कशी टिकली, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. आमच्या मंडळातील प्रत्येक कुटुंबालाही हेच तीन प्रश्न विचारता येतील, असे आम्हांस वाटते.

युद्धानंतर आघारकर कलकत्त्यास परतले आणि त्यांनी अध्यासनाची सूत्रे हाती घेतली. ती त्यांनी १९४६ पर्यंत सांभाळली. वनस्पतिशास्त्राचा पदव्युत्तर विभाग उभारणे, विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेबरोबर रानातही नेणे, नमुने जमविणे, ही कामे डोळ्यांत भरणारी नसतात. पण त्यांवाचून शास्त्र उभे राहत नाही. शेतीशी सांगड घालण्याची दात्यांची इच्छाही त्यांनी विसरू दिली नाही. बंगालमध्ये त्या वेळी जलपर्णीने कहर मांडला होता. दक्षिण अमेरिकेतील ही जांभळ्या फुलांची देखणी वनस्पती नद्या, तळी आणि भातखाचरे व्यापून बसली होती. नावा चालेनात, पिके बुडू लागली. तिच्या निर्मूलनासाठी बंगाल सरकारला १९३६ मध्ये कायदाच करावा लागला. जलपर्णीचे परागण कसे होते आणि तिला बी धरते की नाही, याचा अभ्यास आघारकरांनी आपल्या एका सहकाऱ्यासह करून तो १९३० मध्ये प्रसिद्ध केला. शत्रूला हटवावयाचे तर आधी त्याची वंशवृद्धी कशाने होते ते कळावयास हवे. केवळ तुकड्यांतून वाढणारी वनस्पती उपटून काढता येते. तिचे बीही चिखलात दडून राहत असेल, तर उपाय निराळे योजावे लागतात. १९३५ च्या सुमारास केळीच्या कुलातील गुणसूत्रांच्या संख्येवरही त्यांनी सहकाऱ्यासह संशोधन प्रसिद्ध केले.

अध्यापनाइतकेच मोठे काम त्यांनी संस्थाजीवनात केले. इंडियन सायन्स काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९१४ मध्ये कलकत्त्यातच भरले होते. त्या संस्थेच्या सरचिटणीसपदाची धुरा आघारकरांनी पुढे अनेक वर्षे वाहिली. १९३५ मध्ये कलकत्त्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेसची स्थापना झाली, तेव्हाही चिटणीस म्हणून त्यांनी मोठा भार उचलला. हीच संस्था १९७० पासून भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखली जाते आणि दिल्लीकर वाचकांच्या नजरेखालून तिची इमारत अनेकदा गेलेली असेल. पत्रव्यवहार, वर्गणी, अधिवेशने, वृत्तान्त असे चिटणिसाचे काम कष्टाचे आणि बिनबोभाट असते. आमच्या मंडळाचे चिटणीसपद ज्यांनी ज्यांनी भूषविले आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नलगे.

१९४६ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आघारकर निवृत्त होऊन पुण्यास आले. निवृत्तीनंतर गावाकडे परतणारे आपल्यांत पुष्कळ असतात. परतताना बरोबर काय न्यावे, हा प्रश्न असतो. आघारकरांनी कलकत्त्याहून एक कल्पना आणली. त्या शहरात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये विज्ञानाच्या संवर्धनासाठी लोकवर्गणीतून इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था काढली होती. केंद्र सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी असताना चंद्रशेखर व्यंकट रामन कचेरी सुटल्यावर तेथेच संशोधन करीत, आणि त्यांचा १९२८ चा जगप्रसिद्ध शोधही तेथलाच. तशीच संस्था आपल्या प्रांतात का नसावी? पुण्यात १९४६ मध्ये महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स स्थापन झाली. नावातच कलकत्त्याची खूण आहे. आघारकर तिचे संस्थापक संचालक झाले आणि २ सप्टेंबर १९६० रोजी पुण्यात मृत्यू येईपर्यंत तिच्याच सेवेत राहिले. निवृत्तीनंतरची चौदा वर्षे त्यांनी नव्या संस्थेची पायाभरणी करण्यात घालविली.

त्या पायावर पुढे काय उभे राहिले? या संस्थेने विकसित केलेले गव्हाचे आणि सोयाबीनचे वाण 'एम. ए. सी. एस.' या आद्याक्षरांनी ओळखले जातात आणि शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. सोयाबीन मूळचे चीनचे. आज ते दख्खनच्या मातीत घरचे होऊन गेले आहे. संस्थेतील वनस्पतिसंग्रहालयास आघारकरांचे नाव आहे आणि १९९२ मध्ये सबंध संस्थेलाच त्यांचे नाव देण्यात आले. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ती स्वायत्त संस्था आहे.

आमच्या मंडळातील घराघरांत आज कोणी ना कोणी मुलगा वा मुलगी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती शोधीत असते. कोणी राष्ट्रीय परीक्षा देऊन संशोधनवृत्ती मिळवितो, कोणी परदेशी विद्यापीठात सहायकाचे काम करून शिक्षणाचा खर्च भागवितो. वनस्पतिशास्त्रासारख्या विषयाकडे वळणाऱ्याला तर, याने पोट भरेल काय, हा प्रश्न नातलग हटकून विचारतात. आघारकरांचे चरित्र या मुलांना दोन गोष्टी सांगते. एक अशी, की शिष्यवृत्ती गुणांच्या पत्रकाकडे पाहते, तशीच ती आपल्या हातून आधीच काय झाले आहे याकडेही पाहते. कलकत्त्याचे दार उघडले ते कोयनेच्या पाण्यात उतरलेल्या माणसासाठी. दुसरी अशी, की शिष्यवृत्ती हे ऋण आहे. आणि ते फेडावयाचे तर देणाऱ्याच्याच दारात उभे राहिले पाहिजे असे नाही. बंगालचे ऋण त्यांनी बंगालमध्ये पाव शतकाहून अधिक काळ शिकवून फेडले आणि वर आणखी एक फेड महाराष्ट्रात केली.

परप्रांतात राहणाऱ्या माणसाविषयी दोन समज रूढ आहेत. तो मूळ विसरतो, हा एक. किंवा तो मनाने गावीच असतो, नव्या जागी रुजत नाही, हा दुसरा. आघारकर कलकत्त्यात पुरते रुजले, तेथल्या संस्था त्यांनी आपल्या मानून वाढविल्या, आणि म्हणूनच पुण्यास परतताना त्यांच्या ओंजळीत पेरण्याजोगे काही होते. आमच्या मंडळाने पन्नास वर्षे या शहरात काढली आहेत. पुढील पन्नास वर्षांचा विचार करताना हे चरित्र नजरेसमोर असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.